आमच्या रानात पानी थांबत न्हाई

चतुराबाईने चहाची कपबशी भुजंगरावांपुढे सरकवली आणि डोक्यावरचा पदर सावरत ती दाराच्या चौकटीला टेकली.

“म्हणा बरं वैनी, पुन्यांदा.”

“आमच्या रानात पानी थांबत न्हाई.”

“पावसाळ्यात?”

“पावसाळ्यातबी न्हाई.”

“बस्स. ह्याच्या म्होरं एक शबुद बोलायचा न्हाई.” भुजंगरावांनी चहा बशीत ओतला. “रान तुमच्या नावावर हाय, म्हून मॅडम तुमालाच इचारणार. एकानं जरी पानी थांबतं म्हणलं तर सगळ्यांचंच रान गेलं म्हणून समजा.”

गावच्या तळ्याभोवतीची उतरती जमीन पाणथळ म्हणून जाहीर व्हायची होती. तशी यादी निघाली होती, हरकती मागवल्या होत्या आणि त्या ऐकायला आज परभणीहून एक अधिकारी बाई येणार होत्या. पाणथळ ठरलेल्या रानात मुरूम टाकून भराव करता येणार नव्हता, पक्कं बांधकाम करता येणार नव्हतं. भुजंगरावांचं निम्मं शेत त्या रेघेत येत होतं. चतुराबाईचं होतं तेवढं सगळंच.

अंगणात तिचा नवरा लिंबाजी फवारणीचा पंप उघडून बसला होता. भुजंगराव आल्यापासून त्याने मान वर केली नव्हती.

“माय, एवढंच म्हण,” तिचा थोरला लेक जीवन म्हणाला. “मी काई मागितलं का तुला आजपस्तोर?”

त्याने खरंच काही मागितलं नव्हतं. ते रान ताडकळसच्या रस्त्याला लागून होतं आणि जीवनला तिथे हॉटेल टाकायचं होतं. नुसत्या शेतीवर पोरगी द्यायला कोणी तयार नव्हतं. दोन ठिकाणचा होकार येता येता फिरला होता. तिसऱ्या पाहुण्यांनी तोंडावर सांगितलं होतं, रस्त्याला हॉटेल उभं राहू द्या, मग बोलू.

“म्हणते की,” चतुराबाई म्हणाली आणि रिकामी कपबशी उचलून आत गेली.

जीवनच्या पाठचा गोपाळ त्याच रानात बुडून गेला होता. पाच वर्षांचा होता. त्या पावसाळ्यात तळ्याचा फुगवटा रानात चढला होता आणि चतुराबाई वरच्या बांधावर गवत कापत होती. तिने पेंढी बांधून मागे पाहिलं तेव्हा पोरगं दिसेना. तिच्या ओरडण्याने शेजारच्या रानातून धावत आले ते भुजंगराव. त्यांनीच त्याला बाहेर काढलं, त्यांनीच उचलून घरी आणलं.

लिंबाजीने त्या दिवसापासून पोराचं नाव घेतलं नव्हतं. त्याने शिव्या दिल्या असत्या, हात उगारला असता तर चतुराबाईला सोपं गेलं असतं. तो काहीच बोलला नाही. त्या न बोलण्याचा अर्थ तिने आपल्या परीने लावून घेतला होता, आणि तो अर्थ घेऊनच ती इतकी वर्षं त्याला जेवायला वाढत होती.

सुनावणी ग्रामपंचायतीत होती. मॅडम तरुण होत्या आणि उकाड्याने हैराण झाल्या होत्या. एकेक जण उठत होता. शेजारच्या पट्टीची सुलाबाई म्हणाली, पानी थांबत न्हाई. वस्तीवरचा सिद्धोधन म्हणाला, थांबत नाही. मग चतुराबाईचं नाव पुकारलं.

“बसूनच सांगा मावशी. पाणी थांबतं का तुमच्या शेतात?”

चतुराबाई उभीच राहिली. जीवन दारात होता. त्याच्याकडे पाहत ती म्हणाली, “आमच्या रानात पानी थांबत न्हाई. पावसाळ्यातबी न्हाई.”

“कधीच नाही?”

एवढं भुजंगरावांनी शिकवलं नव्हतं. ते खाकरले. चतुराबाईने पदराचा काठ मुठीत धरला.

“कधीच न्हाई,” ती म्हणाली.

कारकून लिहू लागला.

“थांबतंय.”

सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. लिंबाजी भिंतीशी उभा राहिला होता.

“छातीएवढं थांबतंय, मॅडम.” त्याने पंजा छातीवर आडवा ठेवला. “इतं. आमचं लेकरू गेलं त्याच्यात. गोपाळ.”

“ध्यानावर हाईस का लिंबाजी?” भुजंगराव ताडकन उठले.

“तुमीच काढलं की त्याला, भाऊ.”

भुजंगराव खाली बसले. मॅडमनी एकदा लिंबाजीकडे, एकदा चतुराबाईकडे पाहिलं. मग कारकुनाला हळू आवाजात म्हणाल्या, “दोघांचंही लिहा.”

दारातून जीवन निघून गेला होता.

ती दोघं घरी पोचली तेव्हा तो पिशवीत कपडे कोंबत होता. चतुराबाईने पिशवीचा बंद धरला. त्याने तो तिच्या हातातून सोडवला, जोर न लावता.

“तुला काई म्हणायलो न्हाई मी माय. तू म्हणलीस.”

बापाकडे त्याने पाहिलं नाही. ती त्याच्या मागे रस्त्यापर्यंत गेली. परभणीला जाणारी जीप आली, तो मागे लटकला. पुण्याला पोचल्यावर फोन करतो, एवढं म्हणाला.

ती परत आली तेव्हा लिंबाजी अंगणात भुईवर बसला होता. पंप तसाच उघडा पडला होता.

“झालं मनासारखं?” ती म्हणाली. “एक गेलं व्हतं. आता दुसरंबी घालवलंत.”

लिंबाजीने पंपाचं झाकण उचललं आणि परत भुईवर ठेवलं.

“मी म्हणलं व्हतं ना? कसं म्हणलं ते माझ्या जिवाला ठावं. मग तुमी कामून बोललाव?”

“तू म्हणायलीस ते मला ऐकवंना.”

तिने डोळे पुसले. आत जायला निघाली आणि उंबऱ्यापाशी थांबली.

“अन् छातीएवढं कशावरून? तुमी तर त्या दिशी परभनीला होताव. आलाव तवा लेकराला ओसरीवर निजवलं व्हतं. रानात कुटं आलाव तुमी?”

“दुसऱ्या दिशी गेल्तो,” लिंबाजी म्हणाला. “मातीहून आल्यावर. समदे कडू घास खायला बसले तवा.”

“कशाला?”

तो मातीतली एक काडी उचलून मोडत राहिला.

“पार मधी गेलो. लय हिंडलो खोल जागा धुंडत.” त्याने काडी टाकून दिली. “मला पुरलं न्हाई पानी.”

चतुराबाई उंबऱ्यावरून मागे फिरली आणि त्याच्याजवळ भुईवर बसली. लग्न होऊन आल्यापासून ती उघड्या अंगणात, येणाऱ्याजाणाऱ्याच्या देखत, त्याच्या इतक्या जवळ कधी बसली नव्हती.