नवसाचा विडा

मार्केट यार्डात डाळिंबाची बोली पुकारणारा मी, अजिनाथ, आणि माझ्याच तोंडात आता जेमतेम दीड बोट जातं. तीन जायला हवीत. ज्या तोंडावर घर चालतं त्यानंच दगा द्यावा, यासारखी चीड आणणारी गोष्ट नाही. आडत्यानं दिवाळीपर्यंत मुदत दिली आहे. तोवर पुकारा मोकळा झाला नाही, तर माझ्या जागी दुसरा उभा राहील.

दोष माझाच. घसा कोरडा पडू नये म्हणून वीस वर्षं गालात सुपारी-तंबाखूचा मावा धरला. डॉक्टर वैजयंतीबाईंनी पहिल्याच दिवशी समजावलं होतं, "दादा, गालाच्या आत शरीर रोज नवे धागे विणतं आणि जुने उसवतं. उसवायचं काम एन्झाइमांचं. सुपारीनं ती दबतात, विणणं मात्र चालूच राहतं. म्हणून गाल असा चिवट झालाय." मावा त्याच दिवशी सुटला. आठ महिने गालात एन्झाइमचं इंजेक्शन घेतोय, दातांत आइस्क्रीमच्या काड्या रचून जबडा ताणतोय. तोंड मात्र उघडायचं नाव घेत नाही.

एरवी चूळ भरून जातो, आज राहिली. बाईंनी बॅटरी मारून जीभ पाहिली. "लाल कशानं?"

"बिरोबाचा विडा, बाई. आई देती रोज, सकाळ-संध्याकाळ. कात, चुना, साधी सुपारी. तंबाखू अजिबात न्हाय."

त्यांनी बॅटरी बंद केली. "ती साधी सुपारीच तर हे करते, दादा. मी इकडून उसवतेय आणि तुम्ही..."

प्रसाद कोण सुपारीत धरतं? मी धरला नव्हता.

घरी आई देव्हाऱ्यापुढं माझी वाट बघत बसली होती. लेकाचं तोंड उघडेपर्यंत रोज विडा ठेवीन आणि आपल्या हातानं भरवीन, असा तिचा नवस. मला बघून गुडघे धरत उठली.

"आई, डॉक्टरीण म्हणती..."

"काय म्हणती? उघडंल का न्हाय?"

सांगितलं, तर आठ महिने लेकाचं तोंड आपणच शिवत होतो हे तिला कळणार. त्यातून ती सावरणार नाही. नाही सांगितलं, तर दिवाळी काही थांबत नाही.

"उघडंल म्हणती."

"मग घे की. देवालाबी काळजी हाय तुजी."

तिनं विडा माझ्या ओठांशी आणला. विड्यापुरतं तोंड अजून उघडत होतं. मी उघडलं.