डाव्या बाह्या

माईंचा नेम होता, सकाळी उठल्यापासून बारा वाजेपर्यंत तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. शिवणाच्या कारखान्यात सगळ्यांना तो ठाऊक होता. कुणी काही विचारलं की त्या ओठांवर बोट ठेवत, आणि विचारणारीच ओशाळे.

त्या दिवशी मास्तर कापलेल्या बाह्यांचा गठ्ठा घेऊन आले. कापड एकाच बाजूने चमकणारं; त्यावर बाहीचा नमुना एकदा सुलट नि एकदा उलटा ठेवून आखायचा असतो. इथे साठच्या साठ बाह्या डाव्या निघाल्या होत्या.

"दोन्ही हात डावे असलेली गिऱ्हाइकं कुठून आणू?" मास्तर म्हणाले, पण हसले नाहीत. कुणी कापलं, ते विचारू लागले.

कापलं होतं माईंच्या धाकट्या जावेनं. पंधरा दिवसांपूर्वी माईंनीच तिला इथे लावून दिलं होतं. पण खडूने आखलं होतं माईंनी. नमुना उलटायला त्याच विसरल्या होत्या. मागे एकदा कापड वाया गेलं तेव्हा मास्तरांनी त्यांना बजावलं होतं, पुन्हा असं झालं तर घरी बसा.

जावेनं त्यांच्याकडे पाहिलं. माईंचं बोट आपसूक ओठांवर गेलं.

"मीच कापल्या," जाऊ म्हणाली. उद्यापासून येऊ नकोस, असं सांगून मास्तर आत गेले.

बारा वाजले की सांगूच, माईंनी मनाची समजूत घातली. नेम कसा मोडायचा? आतून मात्र त्यांना हायसं वाटलं होतं.

पावणेबाराला कुणीतरी तापलेली इस्त्री त्यांच्या पिशवीला खेटून ठेवली.

"अगं, पिशवी जळेल माझी!" माई ओरडल्या.

मशिनी थांबल्या. जावेनं उठून इस्त्री बाजूला केली, पिशवी झटकून त्यांच्या हातात दिली.

"जाऊबाई," ती हळूच म्हणाली, "बारा वाजायचेत अजून."

टोमणा असता तर बरं झालं असतं. तिला खरंच त्यांच्या नेमाची काळजी होती.

माईंच्या कानाच्या पाळ्या तापल्या. त्या उठल्या नि थेट मास्तरांपुढे जाऊन उभ्या राहिल्या. आखणी माझी होती, म्हणाल्या. तिने माझ्या खडूवरूनच कापलं.

"मग मघाशी का नाही बोललात?"

उत्तर तयार होतं, सगळ्यांना पटण्याजोगं. बोट ओठांकडे निघालंही. त्यांनी ते मुठीत आवळलं.

"घाबरले."

मास्तरांनी जावेला हाक मारली आणि उरलेल्या कापडावर नमुना उलटा ठेवून आखायला सांगितलं. माईंकडे त्यांनी पाहिलंच नाही. माईंनी कनवटीचा खडू जावेपुढे ठेवला, पिशवी उचलली. तिला कुठे साधा डागही पडला नव्हता.