प्रेबेनची धूळ

डेन्मार्कमधल्या आमच्या ऑर्हूसच्या सामायिक स्टुडिओत वर्षभर एकच भांडण चाललं. प्रेबेन भाजलेल्या मातीच्या भांड्यांची बुडं मशीनवर घासायचा आणि ती धूळ शेजारच्या इंगेलिसेच्या समुद्राच्या ओल्या चित्रांवर जाऊन बसायची.

"दार लाव की रे! माझ्या समुद्राचा पार उकिरडा केलास!"

"मग तुझा समुद्र लवकर वाळव, बाई."

शेवटी तिने प्रेबेनला हाकलायचा ठराव बैठकीत आणला. आम्ही पडलो सुसंस्कृत माणसं. दालचिनीचे रोल संपवले आणि ठराव पुढच्या बैठकीवर ढकलला.

तेवढ्यात प्रदर्शन आलं. एका बाजूला त्याची भांडी, दुसऱ्या बाजूला तिचे समुद्र. वर्तमानपत्राचे समीक्षक भांड्यांसमोरून, ती धुवायची पाळी आपल्यावर येईल अशा घाईने गेले आणि समुद्रापाशी थबकले.

"काय हा खरखरीत पोत! कसा साधलात?"

"आतून येतं ते," इंगेलिसे डोळे मिटून म्हणाली. प्रेबेनला वाइनचा ठसका लागला.

सोमवारी मशीन सुरू करण्याआधी त्याने, आयुष्यात पहिल्यांदाच, दार लावून घेतलं. लगेच इंगेलिसे दारावर थापा मारायला लागली.

"दार काय लावून घेतोस, मेल्या? इकडे माझं चित्र वाळत चाललंय!"