आमची कोठेही शाखा नाही

कोपर स्टेशनजवळच्या 'दौलत चिवडा' या दुकानावर दोन पाट्या होत्या. वरची वडिलांच्या नावाची आणि खालची कुंडलिकच्या रागाची. खालच्या पाटीवर लाल अक्षरांत लिहिलं होतं, 'आमची कोठेही शाखा नाही.'

अठरा वर्षांपूर्वी धाकटा भाऊ पोपट वेगळा झाला आणि त्याने ठाण्यात टेंभी नाक्यावर त्याच नावाचं दुकान थाटलं. "नाव काय तुझ्या एकट्याच्या बापाचं आहे?" एवढं म्हणून तो गेला. दुसऱ्याच दिवशी कुंडलिकने पेंटर बोलावला. तेव्हापासून कोणी ठाण्याच्या दुकानाचं नाव काढलं, की त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत कुंडलिक झारा वर करून पाटी दाखवायचा. घरीदारी पोपटचा विषय काढायला बंदी. माणूस तसा मऊ, पण ही एक अढी त्याने नीट जपली होती.

आता अडचण घरातूनच निघाली. मुलगी प्राप्ती पाच वर्षं त्याच्या बरोबरीने दुकान बघत होती. तिने टिटवाळ्यात नव्या इमारतीखाली गाळा ठरवला. आपल्यामागे हे सगळं बंद पडणार, या धास्तीत कित्येक वर्षं काढलेल्या कुंडलिकला आनंद झाला, अगदी मनापासून झाला.

"पप्पा, ती पाटी काढायला लागेल," प्राप्ती म्हणाली. "नाहीतर टिटवाळ्यातले लोक आपल्यालाच डुप्लिकेट समजतील."

"पाटी राहील."

"मग मी गाळा सोडते. आपलीच पाटी आपल्याला खोटं पाडणार असेल, तर मला नाही करायचा हा धंदा." आवाज न चढवता एवढं बोलून ती शेंगदाणे निवडायला बसली.

कुंडलिकला रात्रभर एकच सलत राहिलं. पाटी उतरली, की पोपट उजळ माथ्याने शाखा म्हणून मिरवणार. त्याला आधीच बजावलेलं बरं, असं ठरवून तो दुसऱ्या दिवशी ठाण्याला गेला.

त्या दुकानासमोर तो पहिल्यांदाच उभा राहिला. वर 'दौलत चिवडा'. खाली बारीक, रंग उडालेल्या अक्षरांत, 'मुख्य दुकान : कोपर, डोंबिवली पश्चिम.'

त्याने दोनदा वाचलं. लोक हे वाचून त्याच्याकडे यायचे आणि तो त्यांना झारा दाखवायचा. एकाचं तरी वाक्य पुरं होऊ दिलं असतं, तर कळलं असतं. कुंडलिकला भर नाक्यावर लाज वाटली.

पोपट हात पुसत बाहेर आला. "दादा? घरी सगळं ठीक ना?"

"ठीक आहे. ही पाटी कधीची?"

"पहिल्या दिवसापासूनची. तू कधी आलेलाच नाहीस."

बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर कुंडलिकला सोपं गेलं असतं.

"आणि माझी पाटी? ठाऊक होती तुला?"

"गिऱ्हाइकं सांगायची ना. मी म्हणायचो, दादा रागावलाय, उतरेल राग."

बजावायचं म्हणून आणलेलं वाक्य कुंडलिकने गिळलं. "प्राप्ती टिटवाळ्याला दुकान काढतेय," तो म्हणाला. "तुझ्या पेंटरचा नंबर दे."

"पेंटर कसला? मीच रंगवलेली."

"मग रविवारी घरी ये, रंग घेऊन. पण आधी माझ्याकडची पुसायला लागेल. ती मात्र मी पुसतो."