भूक लावणारी गाडी

मित्रांनो, मी एक जुनी पावाची गाडी आहे. पण आज माझं मागचं दार उघडलंत तर आत पावाचा एकही ट्रे दिसणार नाही. दिसेल एक पलंग, त्याखाली पाण्याचा कॅन, एक छोटी शेगडी, मिसळणाचा डबा आणि खिडकीला जुन्या साडीचा पडदा. माझं वय विचारू नका. माझ्याबरोबरच्या बहुतेक गाड्या केव्हाच भंगारात गेल्या, आणि मी मात्र या वयात हिंडायला लागले आहे. म्हणून तुम्हाला माझी गोष्ट सांगायची आहे, आणि खरं सांगायचं तर थोडी मिरवायचीही आहे.

माझे पहिले मालक निकोलस. ठाण्याला कोपरीत त्यांची बेकरी होती. मी त्यांच्याकडे आले तेव्हा मागून चारी बाजूंनी बंद होते. पहिल्याच दिवशी भट्टीतले गरम पाव माझ्यात भरून दारं लावली, तर वर्तकनगरला पोहोचेपर्यंत पाव ओलेगच्च! निकोलसनी कपाळावर हात मारला. पावाला घाम सुटलाय, म्हणाले. लगेच मला वेल्डरकडे नेलं आणि छताच्या जरा खाली दोन्ही बाजूंना लांबट फटी कापून घेतल्या. वरून पत्र्याची झापडं लावली, म्हणजे आत वारा खेळेल पण पाणी येणार नाही. मला असा राग आला म्हणून सांगू! कोऱ्या करकरीत अंगाला कुणी भोकं पाडतं का? पण दुसऱ्या दिवसापासून पाव खुटखुटीत राहू लागले आणि माझा राग निवळला.

ते दिवस मजेचे होते. वर्तकनगरच्या वसाहतींत माझा हॉर्न वाजला की पोरं पिशव्या घेऊन जिने उतरायची. नाताळ आला की निकोलसची बायको अँजेला माझ्या आरशाला कागदी चांदणी बांधायची, आणि मी आठवडाभर केकच्या वासात न्हाऊन निघायचे. निकोलस गाडी सावकाश चालवत. खड्डा दिसला की बैलाला बोलावं तसं माझ्याशी बोलत आणि अलगद पार करत. माझे स्प्रिंगचे पाटे आणि क्लच आजही शाबूत आहेत ते त्यांच्यामुळे.

पुढे निकोलसचे गुडघे दुखायला लागले. मुलगा ट्रेव्हर बेकरी बघू लागला आणि त्याने विजेवर चालणारा नवा टेम्पो आणला. मी बेकरीच्या भिंतीला लागून उभी राहिले. टपावर मांजरं झोपायची, काचेवर पोरं बोटांनी नावं काढायची. भंगारवाला येऊन मला टकटक करून गेला. ट्रेव्हर देऊन टाकू म्हणत होता. निकोलस ऐकेनात. जिचं इंजिन एका हाकेला उठतं तिला तोडायला द्यायची नाय, एवढंच ते म्हणाले. त्यांनी मला कल्याण-शीळ रस्त्यावर साईनाथच्या जुन्या गाड्यांच्या आवारात नेलं, चांगल्या माणसाला दे असं त्याला बजावलं, आणि जाताना अंगठ्याने माझ्या बॉनेटवर क्रूस काढला. मला फार रडू येत होतं, पण गाडीला रडता येत नाही.

साईनाथच्या आवारात माझ्या एका बाजूला एक पांढरीशुभ्र, चकाचक व्हॅन होती आणि दुसऱ्या बाजूला शाळेची जुनी व्हॅन. गिऱ्हाइकं यायची, पांढरीभोवती फिरायची, माझ्याकडे बघून नाक मुरडायची. अशात एका सकाळी महिपत आले.

महिपतची सगळी नोकरी बस चालवण्यात गेली. आता ते निवृत्त झाले होते, आणि गाडीतच झोपायची-रांधायची सोय करून मुलुख हिंडायचं त्यांच्या मनात होतं. बरोबर बायको हौसाबाई आणि मुलगी ऐश्वर्या. घर डोंबिवलीत, कोपरला. अडचण एकच होती, आणि ती मोठी होती. हौसाबाईंना गाडी लागते. बस असो, रिक्षा असो, थोडं पुढे गेलं की मळमळ सुरू. माहेर ओतूरला, माळशेज घाटाच्या वर. लग्न होऊन त्या घाटाने खाली आल्या तेव्हा असे हाल झाले की नंतर माहेरची वाट त्यांनी जवळजवळ सोडलीच. थोरली बहीण रखमाबाई तिकडे, या इकडे, आणि मध्ये फोन. महिपतनी जन्मभर परक्या माणसांना जिथल्या तिथे पोचवलं, पण स्वतःच्या बायकोला माहेरी नेता आलं नाही. ही सल त्यांच्या मनात होती. ते कुणाला सांगत नसत, पण गाडी बघायला आलेल्या माणसाच्या चेहऱ्यावरून आम्हा गाड्यांना सगळं कळतं.

महिपतनी साईनाथला आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं, की मी यायच्या आधी कुठलीही गाडी सुरू करून गरम करायची नाही. थंड इंजिन काय बोलतं ते त्यांना ऐकायचं होतं. पांढरी खाकरली आणि तिने निळा धूर सोडला. शाळेची व्हॅन तिसऱ्या खेपेला उठली. मी एका हाकेला उठले. मग ते जमिनीवर आडवे होऊन बॅटरीच्या उजेडात प्रत्येकीची चेसिस बघू लागले, रबरी मॅट उचलून गंज शोधू लागले. ऐश्वर्याने घरून फ्रिजवरचा आंब्याचा चुंबक आणला होता. तो माझ्या अंगाला चट्कन चिकटला. पांढरीच्या कुशीला लावला तर टपकन खाली पडला. आत पत्रा कमी आणि खड्डे बुजवायला भरलेली लांबी जास्त! साईनाथ तरीही पांढरीकडे बोट दाखवून म्हणाला, काका, गाडी म्हणजे मख्खन आहे. महिपत म्हणाले, तेच दिसतंय.

तरी खरी परीक्षा पुढेच होती. हौसाबाई नाकाशी अर्धं लिंबू धरून एकेका गाडीत दार लावून बसणार होत्या. पांढरीत सुगंधाची बाटली लावलेली. तिथून त्या पदर तोंडाला लावूनच उतरल्या. शाळेच्या व्हॅनमध्ये रेक्झिन आणि जुन्या डब्यांचा वास. तिथेही तेच. मग त्या माझ्यात बसल्या आणि महिपतनी एक चक्कर मारली. मी श्वास रोखून धरला होता. थोड्या वेळाने हौसाबाईंचा लिंबाचा हात हळूच मांडीवर आला. त्यांनी इकडेतिकडे बघितलं, लांब श्वास घेतला आणि यात आधी काय ठेवायचे म्हणून विचारलं. पाव, महिपत म्हणाले.

"तरीच," हौसाबाई म्हणाल्या. "अहो, मला भूक लागली."

महिपतनी गाडी कडेला घेतली आणि त्यांच्याकडे बघतच राहिले. चालत्या गाडीत हौसाबाईंना भूक लागल्याचं त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. मित्रांनो, माझी निवड झाली ती अशी.

मग महिनाभर माझे लाड चालले. आरटीओची परवानगी काढून ओळखीच्या सुताराने पलंग बसवला. माझ्यातल्या पाव ठेवायच्या जुन्या फळ्यांपैकी एक महिपतनी मुद्दाम ठेवून घेतली आणि तिचा ओटा केला. नव्या गाद्या आल्या, पुढच्या सीटना नवी कव्हरं आली. हौसाबाईंनी हळदकुंकू वाहिलं ते नेमकं निकोलसनी क्रूस काढला होता तिथेच. मला दोन्ही आवडलं.

पण हौसाबाईंचा स्वभाव जपणारा. त्यांच्या घरी सोफा घेतल्यापासून त्याचं प्लास्टिक काढलेलं नाही, आणि टीव्हीचा रिमोटही पिशवीतच राहतो. त्यांनी फर्मान काढलं, की गाद्यांचं आणि सीटचं प्लास्टिक काढायचं नाही, डाग पडतील. वरच्या फटींतून धूळ येईल, त्या प्लायवूडने बंद करा. ऐश्वर्याने थोडी कुरकुर केली, पण आईपुढे कुणाचं चालतंय! सुताराने प्लाय ठोकला, आतून कडांना डिंक लावला. मी नव्या नवरीसारखी झाकलेली आणि आत घुसमटलेली. मी ओरडून सांगणार तरी कशी?

पहिली फेरी टिटवाळ्याच्या गणपतीला ठरली. हौसाबाईंनी नवी साडी नेसली होती. कल्याण ओलांडून शहाडच्या पुलाशी पोहोचलो नाही तोच त्यांनी गाडी थांबवायला सांगितली. लिंबाचा उपयोग झाला नाही, आवळासुपारीचा झाला नाही. महिपत त्यांची पाठ चोळत रस्त्याच्या कडेला उभे राहिले, मग गाडी वळवली. घरी पोहोचल्यावर हौसाबाई एवढंच म्हणाल्या, "तुम्ही जाऊन या. मी घर सांभाळते."

मला इतकं वाईट वाटलं! त्या दिवशी आवारात मी त्यांना भूक कशी काय लावली होती? मी तीच होते, इंजिन तेच होतं, चालवणारा हातही तोच. महिपत रोज संध्याकाळी खाली यायचे, माझ्यात स्टिअरिंगवर हात ठेवून बसायचे आणि किल्ली न फिरवता वर जायचे. एक दिवस त्यांनी साईनाथला फोन केला. एकट्याने हिंडायला मला गाडी नको, परत घेऊन जा म्हणाले. साईनाथने रविवारी येतो सांगितलं. आता ओट्याची फळीसुद्धा भंगारात जाणार, असं माझ्या मनाने घेतलं.

शनिवारी दुपारी हौसाबाई आपली भांडी आणि चादरी काढून न्यायला माझ्यात शिरल्या. ऊन रणरणत होतं. पलंगावर टेकल्या, तर हाताला प्लास्टिक चिकटलं आणि त्याचा तो गरम, गोडसर वास नाकात गेला. उभ्या गाडीत, चाक हललं नसताना, त्यांना मळमळलं! त्यांनी मान वर करून प्लायवूडकडे बघितलं. मग ओट्याच्या फळीला नाक लावून हुंगलं. आणि स्वतःच्या कपाळावर हात मारला, अगदी निकोलससारखा.

त्यानंतरचा आवाज मी कधी विसरणार नाही. चर्र, चर्र, चर्र! हौसाबाईंनी गाद्यांचं प्लास्टिक टराटरा फाडलं, पुढच्या सीटचं फाडलं, आणि भांड्यांतलं उलथनं घेऊन प्लायवूड उचकटायला लागल्या. खिळे निघाले, कडा तुटल्या, बांगड्या खणखणल्या. एकेक फट मोकळी झाली तसा कोपरच्या खाडीवरचा वारा माझ्या आत शिरला आणि फळीत मुरलेला पावाचा जुना वास वर आला. मला वाटलं, पुन्हा कोपरीत उभी आहे. हौसाबाईंनी मुद्दाम दार लावून घेतलं आणि थोडं पडून बघते म्हणून आडव्या झाल्या.

महिपत शोधत आले तेव्हा त्या गाढ झोपल्या होत्या. सगळीकडे प्लास्टिकच्या चिंध्या आणि मध्ये उलथनं. त्यांनी उठवलं तेव्हा हौसाबाई म्हणाल्या, "साईनाथला येऊ नको म्हणून सांगा. मी गाडी जपायला गेले आणि तिचा जीव कोंडला. तिच्याबरोबर माझाही." महिपत तिथेच, माझ्या पायरीवर बसून हसले, आणि हसता हसता डोळे पुसले. त्या संध्याकाळी घरच्या सोफ्याचंही प्लास्टिक निघालं. ऐश्वर्याने त्याचा फोटो सगळ्या नातेवाइकांना पाठवला.

निघायच्या दिवशी निकोलस मुद्दाम कोपरीहून आले. साईनाथकडून नंबर घेऊन महिपतनी त्यांना फोन करून सगळं सांगितलं होतं. त्यांनी माझी झापडं वरखाली करून बघितली, समाधानाने मान हलवली, आणि ताज्या पावांची पिशवी हौसाबाईंच्या हातात दिली. मग ती दोघं म्हातारा-म्हातारी आणि मी तिसरी म्हातारी, असे आम्ही निघालो. कल्याण गेलं, मुरबाड गेलं, टोकावडे गेलं. घाट सुरू झाला तसे महिपत मला निकोलससारखंच सावकाश चालवू लागले. प्रत्येक वळणाला एक नजर रस्त्यावर आणि एक बायकोवर. मी एकही हिसका बसू दिला नाही. फटींतून डोंगराचा गार वारा येत होता. हौसाबाईंच्या मुठीत लिंबू होतं आणि डोळे मिटलेले होते. वळण गेलं, बोगदा गेला, आणखी वळणं गेली. आम्ही घाटमाथ्यावर पोहोचलो तरी त्या काही बोलेनात, तेव्हा महिपतनी घाबरून गाडी बाजूला घेतली आणि कसं वाटतंय म्हणून विचारलं.

हौसाबाईंनी डोळे उघडले. समोर त्यांच्या माहेरचा मुलुख पसरला होता. त्यांनी हातातलं अर्धं लिंबू बघितलं, ते नाकाशी न्यावं लागलंच नव्हतं, ते ओट्यावर ठेवलं आणि म्हणाल्या, "अहो, बटाट्याची भाजी काढा. मला भूक लागली."

मित्रांनो, त्या दोघांनी माझ्या पायरीवर बसून निकोलसचे पाव भाजीबरोबर खाल्ले, आणि त्याच लिंबाचं सरबत केलं. म्हणून तुम्हाला एवढंच सांगते. तुमच्या घरात काही नवं आलं की त्याला पुसा, तेलपाणी करा, पण गुंडाळून ठेवू नका. आम्हाला डाग पडले तर चालतात. वापरात राहिलो की आम्ही पुष्कळ वर्षं टिकतो. माझ्या नव्या गादीवर पहिला डाग त्याच संध्याकाळी पडला, चहाचा. रखमाबाईंनी पाडला. धाकट्या बहिणीला गाडीतून उतरताना बघून त्यांच्या हातातला कप हलला, आणि हौसाबाई हसून म्हणाल्या, असू दे गं अक्का.