पाचवी बरणी

मास्तर चुकत नाही, यावर अख्ख्या पोलीस खात्याचा विश्वास होता आणि श्वानपथकातल्या त्याच्या हँडलरचा तर त्याहून दुप्पट. मास्तर म्हणजे हँडलरचा कुत्रा. सहा वर्षांत तो एकदाही भलत्या बरणीसमोर बसला नव्हता. म्हणून तर गोदामाच्या वॉचमनच्या खुनात हँडलरच्या मेहुण्याला उचललं, तेव्हा बायकोनं त्यालाच गळ घातली.

"वासाची ओळख तुम्हीच करा. त्या दुसऱ्या हँडलरचं कुत्रं कुणासमोरही बसतं."

"नातेवाइकाच्या केसमध्ये मला हात घालता येत नाही."

"कळतंय कुणाला? आडनावं वेगळी आहेत. माझा भाऊ मुंगी मारायचा नाही, ठाऊक आहे ना तुम्हाला?"

ठाऊक होतंच. हँडलर साहेबांपुढे नात्याबद्दल तोंडात मिठाची गुळणी धरून बसला आणि तिथंच घात झाला.

खोलीत सात बरण्या मांडल्या होत्या. प्रत्येकीत एकेका माणसानं दहा मिनिटं मुठीत धरलेलं फडकं. त्यांतलं एक मेहुण्याचं. कुठली बरणी कोणाची, ते फक्त बाहेरच्या कारकुनाला माहीत. हँडलरनं गोदामात सापडलेला हातमोजा मास्तरला हुंगवला आणि दोर सैल सोडला. पहिली, दुसरी, तिसरी, चौथी. पाचवीपाशी मास्तर थबकला, शेपूट हलवली आणि बसला.

कामावर मास्तर शेपूट हलवत नसे. ती हलायची सुट्टीत, घरी, मेहुणा बिस्किटांचा पुडा घेऊन आला की. या दोघांची गट्टी साऱ्या घराला माहीत, आणि हे आपल्याला आधी सुचू नये? अक्कल शेण खायला गेली होती की काय?

कारकुनानं चिठ्ठी उघडली. पाचवी मेहुण्याचीच होती.

हँडलरनं त्याच दुपारी साहेबांना सगळं सांगून टाकलं. साहेब चिडले नाहीत, तेच वाईट.

"नोकरीचं नंतर बघू. दुसरा कुत्रा आणावा, तर मोज्यावर आता तुझ्या मास्तरची लाळ. त्याला हुंगायला त्यावर काही उरलं नाही. मला एक सांग, घरी मेहुणा आला की मास्तर त्याच्यासमोर असा बसतो?"

"नाही साहेब. अंगावर उड्या मारतो."

"मग आज बसला का?"

शेपूट हलली ती ओळखीनं, कबूल. पण बसायचं ते मोज्यावरचा वास सापडला की, हे हँडलरनंच त्याला शिकवलं होतं. की लाडक्या माणसाचा वास आला आणि माणूस दिसेना, म्हणून बिचारा गोंधळून बसला? मास्तरला विचारायची सोय नव्हती.

घरी बायको दारातच उभी होती.

"साहेबांना सांगितलंत?"

"सांगितलं."

"मग तुम्ही तरी म्हणा, त्यानं नाही केलं."

कालपर्यंत हे त्यानं झोपेतून उठूनही सांगितलं असतं. आत्ता त्याची जीभ रेटेना. तो फार दमला होता आणि त्याला रडायचं होतं. बायकोनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि वाकून चपला घातल्या.

"मी त्याला भेटून येते," ती म्हणाली. "तुम्ही येऊ नका."