‘चालेल’चा तास

आमच्या स्त्री आणि लिंगभाव अभ्यास विभागात टेबल गोल आहे. मानाची खुर्ची कुणाचीच नको, म्हणून मोठ्या बाईंनी ते हट्टानं मागवलं. ते खोलीत धड मावत नाही ही गोष्ट वेगळी. खुर्चीपर्यंत जायला पोट आत घ्यावं लागतं, आणि एवढं करूनही पंख्याखालची जागा मोठ्या बाईंचीच असते.

मोठ्या बाई म्हणजे आमच्या विभागप्रमुख. त्यांच्याखेरीज आम्ही तिघं: मी, सर आणि यंदाच रुजू झालेली धाकटी. सर विभागातले एकुलते एक पुरुष, त्यामुळे त्यांचे लाड फार. चहाचे कप विसळायची पाळी सगळ्यांना आहे. मी विसळले तर कुणाचं लक्षही जात नाही. सरांनी विसळले की मोठ्या बाईंच्या डोळ्यांत पाणी यायचंच बाकी असतं. माणूस मात्र चांगला, उगाच खोटं कशाला बोलू!

मोठ्या बाई निवृत्त होणार होत्या आणि त्यांचं पद मला हवं होतं. अगदी मनापासून हवं होतं. नवा अभ्यासक्रम कसा बांधायचा, नोकरी करणाऱ्या मुलींसाठी संध्याकाळचे वर्ग कसे काढायचे, सगळं डोक्यात तयार होतं. पण आमच्याकडे पद मागायची पद्धत नाही. सत्तेची हाव दिसते ना! मतदानही नाही. मतदान म्हणजे हरणाऱ्यावर बळजबरी, असं आमचं ठरलेलं. एकमत होईपर्यंत बसून राहायचं. पोटात कावळे ओरडायला लागले की ते आपोआप होतं.

त्या दिवशी मी वर्गातून थेट बैठकीला आले. तास मस्त रंगला होता. विषय माझा लाडका: बायका आणि ‘चालेल’ हा शब्द. बाईला काय पाहिजे विचारलं की ती ‘काहीही चालेल’ म्हणते आणि मग जन्मभर चालवून घेते, असं मी तावातावानं सांगितलं. मुलींनी टाळ्या वाजवल्या.

बैठकीत मोठ्या बाईंनी चष्मा पुसला. “पुढचं प्रमुखपद सरांकडे देऊ या का? तुम्हा दोघींच्या मागे घरचंही असतं.”

या बाईंनी घरकामावर जाडजूड पुस्तक लिहिलंय, बरं का! सर संकोचले. म्हणाले, “सगळ्यांचं म्हणणं असेल तर...” धाकटी माझ्याकडे बघायला लागली. मोठ्या बाईही.

“चालेल,” मी म्हणाले. वर हसलेसुद्धा.

घरी आल्यावर मी भांडी आपटायला सुरुवात केली. नवऱ्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “चालेल म्हणालीस ना? मग त्यांनी तेच धरलं.”

“अरे, पण चेहऱ्यावरून कळत नाही का?”

“इतक्या वर्षांत मला कळत नाही, त्यांना काय कळणार! तिकडे जाऊन सांग की. त्या पातेल्यानं काय घोडं मारलंय?”

राग सगळ्यात जास्त माझाच आला होता. दुसऱ्यांना शिकवताना जीभ अशी चुरूचुरू चालते, आणि स्वतःची वेळ आली की बसते टाळ्याला चिकटून!

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघंही टेबलाशी होती. मी दारातूनच विचारलं, “बाई, प्राचार्यांना नाव कळवलंत?”

“दुपारी कळवते. का गं?”

“मला ते चालणार नाही. मला पद पाहिजे.”

“म्हणजे विभागाच्या हितासाठी...” बाईंनी मला सावरून घ्यायला वाक्य पुढे केलं.

“हित होईलच. पण मला पाहिजे म्हणून पाहिजे.”

आता सर ‘घ्या ना’ म्हणतील, अशी माझी खात्री होती. त्यांनी कप खाली ठेवला. “मलाही पाहिजे,” ते म्हणाले. “काल आईला फोनसुद्धा केला मी.”

“मग काल तसं स्पष्ट बोलायचं होतंत!”

“तुम्ही तरी कुठे बोललात?”

आणि जुंपली आमची! इतकी वर्षं एकमेकांना ‘तुमचा मुद्दा फार मोलाचा’ म्हणणारी आम्ही माणसं, पण त्या दिवशी आवाज कॉरिडॉरभर गेला. सरांचीही योजना तयार होती. चांगली होती मेली! मोठ्या बाई मधूनमधून ‘एकमत, एकमत’ म्हणत राहिल्या.

“नाही होत एकमत, बाई,” शेवटी धाकटी म्हणाली. “हात वर करू या.”

मोठ्या बाईंनी कपाळाला हात लावला. जाणाऱ्या माणसानं मत देऊ नये म्हणून त्या बाजूला झाल्या. धाकटीनं आधी सरांचं नाव घेतलं. सरांनी हात वर केला, स्वतःचा स्वतःला, अगदी सहज. मग तिनं माझं नाव घेतलं आणि आपला हात वर केला. एकास एक. माझा हात मांडीवरच होता. स्वतःच स्वतःला मत द्यायचं, बरं दिसेल का, हा विचार तेव्हाही आलाच. मेल्या विचाराला वेळकाळ नाही!

मी हात वर केला. चांगला कोपर ताठ करून.

“अभिनंदन,” सर म्हणाले. त्यांचा चेहरा पार उतरला होता. आता आईला काय सांगतील हे, असं मनात आलं. पण परत देऊन टाकावंसं मुळीच वाटलं नाही.